चिलखत चिकटवू नका, बांधा!

फेब्रुवारी जवळ आला की वेळापुरात आणि आसपासच्या गावांत घरोघरी एक छोटासा कारखाना सुरू होतो. १९ फेब्रुवारीची शिवजयंती, त्याच्या आगेमागे शाळेचे स्नेहसंमेलन, मिरवणुकीतला सजीव देखावा. कुणाचा मुलगा मावळा होणार असतो, कुणाची मुलगी जिजाऊ. पूर्वी असा पोशाख भाड्याने आणत किंवा घरच्या शेल्यावर भागवत. आता आई-वडील स्वतःच सनबोर्ड, फोमशीट, पाण्याच्या पाईपचे तुकडे आणि फुटकी बादली कापून चिलखत, ढाल, शिरस्त्राण तयार करतात. ही हौस मला मनापासून आवडते. दोन-चार संध्याकाळी वडील मुलासोबत जमिनीवर बसून काहीतरी घडवतात, हे कुठल्याही टॉनिकपेक्षा चांगले. तेव्हा आजच्या लेखाचा रोख हौसेवर नाही, हे आधीच सांगून टाकतो.

रोख आहे तो मोडतोडीवर. या दिवसांत माझ्या दवाखान्यात जे कापलेले, भाजलेले, चिकटलेले हात येतात, त्यांतले बहुतेक चिलखत तयार करताना जखमी झालेले नसतात. चुकीचे चिकटलेले चिलखत सोडवताना त्यांना इजा झालेली असते. खांद्याचा तुकडा उलटा बसला, छातीची पाटी तिरकी झाली, मुलगा आठवड्यात वाढल्यासारखा पट्टा आखूड पडला. रात्रीचे दहा वाजलेले असतात आणि सकाळी सातला मिरवणूक असते. मग घरातला कर्ता पुरुष हाताला लागेल ते घेतो. कुणी ब्लेड घेतो, कुणी थिनर, कुणी मेणबत्ती. घाईत धरलेली ही तीन हत्यारे अफझलखानाच्या कट्यारीइतकीच घातकी आहेत.

पहिले हत्यार ब्लेड. डाव्या हातात तुकडा धरायचा, उजव्या हाताने सांध्यात ब्लेड खुपसायचे आणि जोर लावायचा, अशी सर्वसाधारण पद्धत असते. सांधा सुटत नाही तोवर ब्लेड जागचे हलत नाही. सुटला की ते सगळ्या जोरानिशी थेट डाव्या तळहातात, बहुधा अंगठ्याच्या बुडाशी जाते. तिथे बोटे वाकवणारे स्नायुबंध आणि संवेदना नेणाऱ्या नसा कातडीखाली फार खोल नसतात. जखम बाहेरून अर्ध्या इंचाची दिसते आणि आत स्नायुबंध तुटलेला असतो. हळद लावून फडके बांधले की रक्त थांबते, माणूस मिरवणुकीला जातो आणि आठ दिवसांनी बोट वाकत नाही म्हणून येतो. तोवर शस्त्रक्रिया अवघड झालेली असते. म्हणून लक्षात ठेवा : हाताला कापल्यावर बोट नीट वाकत नसेल, सरळ होत नसेल किंवा टोकाला बधिर वाटत असेल, तर जखम लहान असली तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे. धनुर्वाताची लस केव्हा घेतली होती, तेही डॉक्टरांना सांगायचे.

दुसरे हत्यार थिनर. रंगाचा थिनर, पेट्रोल, नेलपेंट रिमूव्हर यांपैकी काहीतरी घरात असतेच. नेलपेंट रिमूव्हरमध्ये पुष्कळदा ॲसिटोन असते आणि ॲसिटोन झटपट चिकटणारा डिंक विरघळवते, हे खरे आहे. पण ते सनबोर्डाच्या पीव्हीसीला, थर्मोकोलला, ॲक्रिलिकला आणि खेळण्यांच्या बऱ्याचशा कडक प्लॅस्टिकलाही मऊ करते किंवा विरघळवते. म्हणजे डिंक सुटेपर्यंत चिलखतच वितळलेले असते. याहून गंभीर गोष्ट आगीची. ॲसिटोनची वाफ हवेपेक्षा जड असते आणि ती नेहमीच्या हवामानात सहज पेट घेते. ती जमिनीलगत पसरत जाते. तुम्ही माजघरात वाटी उघडून बसलात आणि पलीकडे देवघरात समई तेवत असेल किंवा गॅस चालू असेल, तर ज्योत वाफेच्या वाटेने तुमच्यापर्यंत येऊ शकते.

थिनरचा आणखी एक धोका लहान मुलांना आहे. उरलेला थिनर शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून कोपऱ्यात ठेवायची आपल्याकडे सवय आहे. रॉकेल प्यायलेली मुले आम्ही डॉक्टरांनी पुष्कळ पाहिली. थिनरची गोष्टही त्याच वाटेने जाते. मूल असे काही प्यायले तर त्याला ओकारी काढायला लावू नका. मीठपाणी पाजू नका, घशात बोट घालू नका. ओकताना ते द्रव्य श्वासनलिकेतून फुप्फुसात जाते आणि खरे नुकसान तिथेच होते. बाटली सोबत घेऊन सरळ रुग्णालयात जा.

तिसरे हत्यार ज्योत. मेणबत्तीवर किंवा गॅसवर सांधा धरला की डिंक मऊ पडतो, हा तर्क अगदीच चुकीचा नाही. पण पीव्हीसी जळू लागले की त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो आणि तो ओल्या घशात, डोळ्यांत आम्लासारखे काम करतो. घरात दम्याचे मूल असेल तर त्या रात्री त्याला झटका येऊ शकतो. थर्मोकोल वितळून थेंबाथेंबाने मांडीवर पडतो तो वेगळाच. वितळलेले प्लॅस्टिक कातडीला चिकटून बसते आणि उतरेपर्यंत भाजत राहते. असे भाजले तर आधी वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. थंड झालेले प्लॅस्टिक ओढून काढू नका; कातडी सोबत येईल. टूथपेस्ट, शाई, बटाटा हे उपचार नव्हेत.

मग चुकीचा सांधा सोडवायचाच नाही का? सोडवायचा, पण आधी तो कशाने जोडला आहे हे पाहायचे. रोग ओळखल्याशिवाय औषध देऊ नये, हा नियम प्लॅस्टिकलाही लागू आहे.

पांढरा सुतारी डिंक असेल तर कोमट पाण्यात भिजत ठेवा. तो प्लॅस्टिकला तसाही नीट धरत नाही. गनमधून निघणारा गरम डिंक असेल, तर सांध्याच्या कडेला इंजेक्शनआधी आम्ही लावतो त्या स्पिरिटचे चार थेंब सोडा आणि दोन मिनिटे थांबा. कडेपासून तो अलगद सुटू लागतो. स्पिरिटही ज्वालाग्राही आहे, म्हणून खिडकी उघडी ठेवा आणि ज्योत लांब ठेवा.

चपलांना लावतात ते रबराचे पिवळे सोल्युशन असेल, तर हेअर ड्रायरने कोमट करून हळूहळू सोलायचे. ब्लेडच्या जागी मजबूत नायलॉनचा दोरा घ्या आणि सांध्यात घालून करवतीसारखा मागेपुढे ओढा. फोमशीटला ही युक्ती उत्तम लागू पडते. हे सोल्युशन मात्र बंद खोलीत वापरू नका. त्यात टोल्यूईन, हेक्झेन यांसारखी द्रावके असतात. एका संध्याकाळच्या वासाने डोके दुखते, गरगरते. महिनोन्‌महिने वास घेत राहिले तर हेक्झेन पायांच्या नसा निकामी करते. जपानमध्ये १९६०च्या दशकात घरोघरी चपला चिकटवून पोट भरणाऱ्या कामगारांना अशाच प्रकारे पायांतले बळ गमवावे लागले होते. वर्षातून एक चिलखत करणाऱ्याने एवढे घाबरण्याचे कारण नाही. पण मंडळाचे जे कार्यकर्ते महिनाभर पत्र्याच्या शेडमध्ये देखावे तयार करतात, त्यांनी ही गोष्ट जरूर ध्यानात घ्यावी.

पाईप जोडायचे सोल्युशन असेल तर प्रयत्नच सोडून द्या. ते डिंकासारखे दोन तुकड्यांच्या मध्ये बसत नाही. ते दोन्ही तुकड्यांचे पृष्ठभाग विरघळवते आणि वाळल्यावर दोन्ही एकजीव होतात. जिथे सांधाच उरलेला नाही तिथे सोडवणार काय? भाल्याची दांडी तिरकी चिकटली असेल तर टेबलाला पक्की आवळून करवतीने कापा आणि नवा तुकडा जोडा. वीस रुपयांच्या पाईपसाठी अंगठा पणाला लावू नका.

राहिला तो क्षणात चिकटणारा डिंक, सगळ्यांचा लाडका आणि सर्वांत खोडकर. त्याचे मूळ द्रव्य अमेरिकेत १९४२ साली युद्धकाळात हाती लागले. बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधताना हॅरी कूव्हर या रसायनतज्ज्ञाला ते सापडले, आणि ज्याला त्याला चिकटते म्हणून तेव्हा बाजूला टाकले गेले. डिंक म्हणून ते १९५८ साली बाजारात आले. हा डिंक हवेतल्या आणि कातडीवरच्या ओलाव्याने घट्ट होतो. म्हणून तो घामेजल्या बोटांना प्लॅस्टिकपेक्षाही लवकर धरतो. पण त्याचे दुबळेपणही ठाऊक असावे. तो ठिसूळ असतो. सरळ ओढले तर सुटत नाही, पण कडेकडून उचकटले तर हार मानतो. तुकडा दोन-तीन तास फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवला की तो आणखी ठिसूळ होतो. मग जुने एटीएम कार्ड पाचरीसारखे सांध्यात सरकवून हलकेच पिळले की पुष्कळदा 'टक्' असा आवाज होऊन सांधा उघडतो. नाहीतर साबणाच्या कोमट पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा. बादली-टोपल्यांच्या मेणचट प्लॅस्टिकला तर हा डिंक मुळातच नीट धरत नाही. ते तुकडे थोड्या प्रयत्नाने निघतात. यांत कुठेही ब्लेड नाही की ज्योत नाही. लागतो तो वेळ. मिरवणुकीच्या आदल्या रात्री नेमका तोच नसतो, म्हणून चिलखत आठ दिवस आधी पुरे करा, एवढेच माझे म्हणणे.

हाच डिंक अंगाला चिकटला तर काय करायचे, हे प्रत्येक घरात ठाऊक असायला हवे. दोन बोटे चिकटली तर ओढू नका. साबणाच्या कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटे बुडवा, थोडे खोबरेल तेल चोळा आणि चमच्याच्या बोथट दांड्याने बोटे एकमेकांवरून घोळवत सोडवा. लगेच सुटली नाहीत तरी बिघडत नाही. कातडी स्वतःचा वरचा थर सतत टाकत असते. एक-दोन दिवसांत डिंकही त्याच्याबरोबर गळून जातो.

डिंक सुती कपड्यावर सांडला तर मात्र सावध राहा. सुताशी गाठ पडली की हा डिंक अतिशय वेगाने घट्ट होतो आणि त्या क्रियेत एवढी उष्णता निघते की कातडी भाजते, क्वचित धूरही निघतो. मुलाच्या मांडीवर सांडलेला डिंक आईने घाईने कापसाने पुसला आणि पोर किंचाळले, असे मी पाहिले आहे. आईला वाटले डिंक विषारी होता. भाजले होते ते कापसामुळे. सांडलेला डिंक कापसाने किंवा सुती फडक्याने टिपू नका. कपड्यावर सांडला तर भरपूर पाणी ओता आणि कपडा अंगापासून दूर करा. तो कातडीला चिकटला असेल तर ओढू नका, भोवतीने कापा.

डोळ्यात उडाला तर कोमट पाण्याच्या धारेने पंधरा मिनिटे धुवा. पापण्या चिकटल्या तरी त्या ओढायच्या नाहीत, कात्री लावायची नाही, ॲसिटोन तर जवळही आणायचे नाही. ओले स्वच्छ फडके झाकून नेत्रतज्ज्ञांकडे जा. पापण्या साधारण एक ते चार दिवसांत आपोआप उघडतात. पण बुबुळावर ओरखडा गेला आहे का हे तपासणे आवश्यक असते, म्हणून घरी वाट पाहत बसू नये. या डिंकाची छोटी नळी आणि डोळ्यात घालायच्या औषधाची छोटी बाटली एकाच फडताळात ठेवू नका. रात्री चष्मा न लावता औषध घालणाऱ्या आजी-आजोबांच्या बाबतीत असे घोटाळे जगभर नोंदले गेले आहेत.

आणखी एक शंका हमखास निघते. "डॉक्टर, तुम्हीसुद्धा हल्ली जखमा डिंकाने चिकटवता, मग आम्ही ब्लेडची जखम घरच्या डिंकाने चिकटवली तर?" आमचा डिंक त्याच कुळातला असला तरी त्याची घडण वेगळी असते, तो निर्जंतुक असतो आणि जखम आतून तपासून, धुऊन मगच वरून लावतात. दुकानातला डिंक जखमेत उष्णता सोडतो, आग करतो आणि घाण आत कोंडतो. तेव्हा ही काटकसर नको.

इथवर सांगितले ते उपाय झाले. आता माझे मत. सोडवण्याच्या शंभर युक्त्या शिकण्यापेक्षा, जे सोडवावे लागणार आहे ते चिकटवूच नये. दोन तुकडे मिळून एक ढाल होणार असेल तर खुशाल चिकटवा. पण मुलाच्या अंगाभोवती जो सांधा येतो, म्हणजे खांदा, कूस, पाठ, मनगट, हनुवटी, तिथे डिंकाचा थेंबही नको. तिथे नाडी हवी, बंद हवा, बक्कल हवे, नाहीतर चिकटपट्टीचा तो दोन बाजूंचा चरचर आवाज करणारा वेल्क्रो हवा.

ज्यांची आपण नक्कल करतो त्यांनीही हेच केले होते. जुने चिलखत म्हणजे एकमेकांत ओवलेल्या लोखंडी कड्यांची जाळी. चारआईना नावाच्या प्रकारात छाती, पाठ आणि दोन कुशी यांवर चार पोलादी पाट्या असत आणि त्या चामड्याच्या पट्ट्यांनी व बकलांनी बांधल्या जात. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली भेटीला जाताना शिवछत्रपतींनी अंगरख्याखाली चिलखत घातले होते, ते शत्रूच्या वारासाठी. पण कोणतेही चिलखत घालणाऱ्याला काढताही आले पाहिजे, हे ते घडवणाऱ्या कारागिराला पक्के ठाऊक होते. जखमी माणसाच्या अंगावरून जे उतरत नाही ते संरक्षण नव्हे. आषाढीला माउलींची पालखी वेळापुरी मुक्कामाला येते, तेव्हा भारुडातली सोंगे पाहा. घोंगडे, फेटा, कमरेची दोरी. सगळे बांधलेले, काहीही चिकटवलेले नाही. सोंग संपले की क्षणात माणूस मोकळा.

वैद्यकीय कारण याहून साधे आहे. फेब्रुवारीत सकाळी गारठा असतो म्हणून आई स्वेटरवरच चिलखत चढवते. अकरा वाजता सोलापूरचे ऊन आपले रूप दाखवू लागते. प्लॅस्टिकमधून हवा जात नाही, घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. मूल पाणी मागत नाही, कारण मावळ्याने कुरकुर करायची नसते. मग चक्कर येते, मळमळते, चेहरा पांढरा पडतो. अशा वेळी मुलाला सावलीत आडवे करून पोशाख तात्काळ काढणे, ओल्या फडक्याने अंग पुसणे आणि शुद्धीवर असेल तर घोटघोट पाणी देणे, हाच उपचार. मूल बरळू लागले किंवा शुद्ध हरपली तर १०८ला फोन करायचा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत अंग ओले करीत राहायचे. पण चिलखत पाठीवर डिंकाने बंद केलेले असेल तर? भर मिरवणुकीत, ढोल-ताशाच्या गोंगाटात, घाबरलेल्या बापाच्या हातात पुन्हा ब्लेड येते, आणि या खेपेला ब्लेडखाली मुलाची पाठ असते. अशा वेळी डिंकाच्या सांध्याशी झुंजू नये. कातडीपासून दूर, पट्टा किंवा कापड जिथे सुटे आहे तिथे बोथट टोकाच्या कात्रीने कापावे.

म्हणून मी पालकांना एक कसोटी सुचवतो. तिला अर्ध्या मिनिटाची कसोटी म्हणा. चिलखत तयार झाले की मुलाला घाला आणि घड्याळ लावा. कात्री, ब्लेड न वापरता ते तीस सेकंदांत पूर्ण उतरले पाहिजे. तुम्हाला उतरवता आले पाहिजे आणि मुलाच्या बाईंनाही, कारण प्रसंग येतो तेव्हा आई-वडील जवळ असतीलच असे नाही. या कसोटीत नापास झालेले चिलखत भिंतीवर टांगावे, मुलाच्या अंगावर नको.

दाढी-मिशांनाही हाच न्याय. नाटकवाले त्यासाठी स्पिरिट गम वापरतात, तो वेगळा. क्षणात चिकटणारा डिंक किंवा चपलेचे सोल्युशन ओठावर कदापि लावू नका. काजळाने काढलेली मिशी फोटोत तितकीच रुबाबदार दिसते.

काही जण म्हणतील, वर्षातून एक दिवस, त्यासाठी एवढा बाऊ कशाला? त्यांना मी आपल्याच लहानपणाची आठवण करून देतो. पुठ्ठा, सुतळी, चंदेरी बेगड आणि कणकेची खळ एवढ्यावर आपली ढाल-तलवार होत असे. जुने ते सारे सोने असे मी म्हणत नाही. पण त्या खळीत एक गुण होता : चुकले तर ओल्या फडक्याने सुटत असे आणि डोळ्यात गेली तर पाण्याने निघत असे. आज सामान बदलले, ते अधिक टिकाऊ आणि अधिक देखणे झाले. त्याची ताकद वाढली तशी आपली सावधगिरी मात्र वाढली नाही.

मुख्याध्यापकांना आणि मंडळाच्या अध्यक्षांना माझी एक विनंती आहे. वेशभूषा स्पर्धेच्या सूचनापत्रात एक ओळ वाढवा : 'अंगावर चिकटवून बंद केलेला पोशाख चालणार नाही.' मिरवणूक सुरू होण्यापूर्वी शिक्षकांनी प्रत्येक मावळ्याच्या पाठीवर एक नजर टाकावी, दर अर्ध्या तासाने पाणी पाजावे, आणि प्रथमोपचार पेटीत पट्टी कापायची बोथट टोकाची कात्री ठेवावी. परीक्षकांनीही गुण देताना चिलखत किती चमकते एवढेच पाहू नये. ते किती सहज निघते, त्यालाही दोन गुण ठेवावेत. यंदाच्या स्पर्धेपासूनच सुरुवात करता येईल.